करवतीसकट घर भाड्याने

आमचा वरचा मजला आठ महिने रिकामा होता आणि त्याला कारण माझा स्वभाव नव्हता. लोक तसं म्हणत असतील तर खुशाल म्हणोत. कारण होती शेजारची करवत. आमच्या भिंतीला लागून मिस्त्रींचा लाकडाचा कारखाना आहे. तिथली विजेची करवत सकाळी नऊला सुरू होते ती संध्याकाळी सहाला थांबते, आणि सुट्टी फक्त रविवारी. मी या घरात एकतीस वर्षं राहते. दुपारी मी त्या आवाजात गाढ झोपते आणि करवत मध्येच थांबली की दचकून जागी होते. पण हे नव्या माणसाला सांगून काय उपयोग? तो फाटकातूनच परत फिरतो.

वरच्या भाड्यावर माझं घर चालतं. ते बंद झालं तसे माझे चिरंजीव जागे झाले. एरवी महिन्यातून एकदा फोन करणारा मुलगा आठवड्यातून दोनदा यायला लागला. आई, तू एकटी, गुडघे दुखतात, हे विकून टाकू, आमच्याकडे चल. त्याचं प्रेम खोटं नाही, हे आधीच सांगते. पण त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात माझ्यासाठी खोली रिकामी केली होती, म्हणजे व्यायामाची सायकल भिंतीला टेकवली होती आणि इस्त्रीचं टेबल दाराआड ढकललं होतं. त्या खोलीची खिडकी दुसऱ्या इमारतीच्या खिडकीत उघडते. मला जायचं नव्हतं. मी त्याच्याकडून एकच शब्द घेतला, की वरचा मजला भरला तर विकायचं नाव काढायचं नाही. त्यानेही दिला, कारण मजला भरणार नाही याची त्याला खात्री होती. घराला गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं.

पूर्वी भाडेकरू शोधायचं काम सोपं होतं. फाटकाला पाटी लावायची, कोपऱ्यावरच्या दुकानात सांगून ठेवायचं. मग कॉम्प्युटर आले, लोक त्यात खोल्या किती, भाडं किती असं भरून घर शोधायला लागले. तेही आता जुनं झालं, असं सून म्हणाली. ती एका कपड्यांच्या कंपनीच्या जाहिराती बघते, त्यामुळे तिला हे सगळं तोंडपाठ. तिने मला समजावलं, की माणसं लोळत फोनवर अंगठा फिरवत असतात. अंगठा कुठल्या व्हिडिओवर थांबतो हे फोन बघून ठेवतो, आणि मग तसलीच घरं एकामागून एक समोर आणतो. आई, आता माणसं घर शोधत नाहीत, घरच माणसांकडे जातं. मग माझं घर का जात नाही, त्याचे पाय मोडलेत का, असं मी विचारलं. ती हसली आणि पुढच्या रविवारी व्हिडिओ करायला आली.

रविवारी. म्हणजे करवत बंद असताना. येताना पांढरे पडदे आणले, दोन कुंड्या आणल्या, खाली हळू आवाजात पियानो लावला आणि पंचवीस सेकंदांत सगळं घर दाखवून मोकळी झाली. मला माझंच घर ओळखू आलं नाही. पण लोक आले. तीन आठवड्यांत अकरा कुटुंबं आली. सगळी पाचव्या पायरीपर्यंत हसत चढायची, आणि तेवढ्यात करवत लाकडाला भिडायची. एका बाईने कानांवर हात ठेवले ते घरी जाईपर्यंत काढले नसतील. एकाने फोनवर आवाज मोजला आणि डॉक्टरने ताप दाखवावा तसा तो आकडा मला दाखवला. बारावा तर जिन्यातूनच परत गेला आणि त्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं: फसवणूक. घरमालकीण खोटारडी आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तापट म्हणा, हट्टी म्हणा, मी मान्य करीन. पण खोटारडी? सगळ्यात वाईट म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. आम्ही लपवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कारखान्यात गेले आणि मिस्त्रींना म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात कठीण लाकूड कापायला घ्या. ते म्हणाले, वहिनी, आज हलकं काम आहे. मी म्हटलं, आज हलकं नको. मिस्त्री मला एकतीस वर्षं ओळखतात, त्यांनी वाद घातला नाही. मी वर गेले, पडदे काढले, सगळ्या खिडक्या उघडल्या, फोन कपाटावर उभा केला आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून ओरडून बोलले. ओरडल्याशिवाय ऐकूच आलं नसतं.

"ऐका. हे असं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. गरम पाणी यायला वेळ लागतो. तिसरी पायरी उंच आहे, आपटाल. भिंती जाड आहेत, उजेड भरपूर आहे. करवतीसकट घर भाड्याने द्यायचंय. ज्याला चालेल त्याने यावं, बाकीच्यांनी माझा जिना झिजवू नये."

असं चार मिनिटं चाललं. नातवंडांचे फोटो बघायला सुनेने मला खातं काढून दिलं होतं, त्यावर मी ते टाकलं आणि झोपले.

दुपारी उठून बघते तर दोनशे लोकांनी उत्तरं लिहिलेली. मी चष्मा शोधला. घराबद्दल एकानेही विचारलं नव्हतं. फोनला वाटलं हा करवतीचा व्हिडिओ आहे, म्हणून त्याने तो जगभरच्या लाकूडवेड्यांना नेऊन दाखवला. पात्याला किती दात आहेत? पातं बोथट झालंय, आवाजावरून कळतं. लाकूड ओलं आहे का? एकाने तर नम्रपणे विनंती केली होती, की मधे बोलणाऱ्या बाई काढून टाकून नुसती करवत ऐकायला मिळेल का.

सुनेचा फोन आला, की आई, आधी ते काढून टाका, आमच्या ऑफिसात सगळे हसतायत. मी म्हटलं, हसू देत, खोटारडी म्हणण्यापेक्षा बरं. तिकडे मिस्त्री वेगळेच दुखावले. बोथट हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. दोन दिवसांत त्यांनी नवीन पातं बसवलं आणि करवत गपचूप लोणी कापल्यासारखी चालायला लागली. मग मात्र मला घाम फुटला. मी आवाज मोठा आहे म्हणून जगाला सांगितलं होतं. आता तो कमी झाला तर पुन्हा मीच खोटी. मी त्यांना जाऊन सांगितलं, की माझं घर भरेपर्यंत जुनं पातं लावा. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लावलं.

चौथ्या दिवशी एका माणसाचा निरोप आला. कुठेतरी लांब फर्निचर करणारा होता. ताई, करवत खरंच दिवसभर चालते का? मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. मी लिहिलं, चार मिनिटं ऐकून शंका उरली का? त्यावर त्याने भलंमोठं उत्तर पाठवलं. त्याच्या बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती बोलत नाही, पण आनंद झाला की पोटातून आरोळी ठोकते. घरात तिला शिट्टी म्हणतात. या आरोळ्यांपायी दोन वर्षांत तीन घरमालकांनी त्यांना निघायला सांगितलं. तो माझा व्हिडिओ पात्यासाठी बघत होता, आणि अर्ध्यावर त्याला भाची आठवली. त्याने तो बहिणीला पाठवला होता. मी विचारण्यात चूक तर नाही ना करत, असं शेवटी लिहिलं होतं.

मी त्याला लगेच लिहिलं, की बहिणीला शनिवारी अकराला पाठव. बहिणीने तोवर तो व्हिडिओ तिच्यासारख्या आईबापांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो रात्रंदिवस रडणाऱ्या बाळांच्या आयांकडे गेला, तिथून कुत्रेवाल्यांकडे, आणि मग त्या फोनच्या डोक्यातही एकदाचा प्रकाश पडला. तो माझं घर बरोबर त्या लोकांना दाखवायला लागला ज्यांना कुणी घर देत नव्हतं. ट्रम्पेट शिकणारा एक जण. पन्नाशीत गाणं शिकायला घेतलेले एक गृहस्थ. सात जणांनी यायचं ठरवलं. मी सगळ्यांना शनिवारी अकरालाच बोलावलं, म्हणजे करवत पुरती रंगात आलेली असते. त्याच वेळी चिरंजीव घराच्या गिऱ्हाइकाला सही करायला घेऊन येणार होते. मला ते माहीत होतं. मी मुद्दामच केलं, उगाच कशाला नाही म्हणू?

शनिवारी माझ्या जिन्यावर रांग लागली. बाळ रडत होतं, कुत्रा भुंकत होता, ट्रम्पेटवाल्याने पेटी उघडून दोन सूर वाजवून बघितले, आणि करवत या सगळ्यांच्या वरताण चालली होती. त्या गोंगाटात एकही माणूस दुसऱ्याला सॉरी म्हणत नव्हता. सगळे हसत होते. इतकी खूश माणसं मी त्या जिन्यावर कधी बघितली नव्हती.

चिरंजीव गिऱ्हाइकाला घेऊन फाटकात आले. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. त्या गृहस्थांनी कारखान्याकडे बघितलं, मग माझ्या मुलाकडे बघितलं आणि विचारलं, की हा आवाज रोज असतो? मुलगा फाटकाची कडी चाचपायला लागला. आणि माझ्या लक्षात आलं. आधी घर दाखवायला त्याने त्यांना दोन्ही वेळा रविवारी आणलं होतं. मला इतकं हसू आलं की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. मीच वरून ओरडून सांगितलं, रोज असतो, नऊ ते सहा. गृहस्थ फाइल न उघडताच गेले. मुलगा जिन्याशी उभा राहून मान खाली घालून म्हणाला, की तुला आता मी दिलेला शब्द आठवणार. मी म्हटलं, मी तो कधीच विसरले नव्हते.

सगळे आले होते, फक्त ती शिट्टीची आई दिसेना. मग बघितलं तर ती रस्त्याच्या पलीकडे मुलीचा हात धरून उभी. चष्म्याच्या दुकानात काम करते, तिथल्याच निळ्या कोटात आली होती. गर्दी पांगेपर्यंत थांबायची तिला सवय असावी. मीच खाली उतरून रस्ता ओलांडून गेले आणि दोघींना कारखान्याच्या भिंतीपर्यंत आणलं. तेवढ्यात करवत जाड फळीला भिडली. मुलगी थबकली. तिने दोन्ही तळहात भिंतीवर टेकवले, भिंत थरथरत होती, आणि तिने डोळे मिटून अशी आरोळी ठोकली की कुत्रा गप्प झाला. आईने ताबडतोब मान वर करून आजूबाजूच्या खिडक्या बघितल्या, एकेक करून. कोण डोकावतंय, कोण दार उघडतंय. कुणीच नाही. पण तिची ती नजर मला बघवली नाही. घर मी तिला तिथेच रस्त्यात दिलं.

बाकीच्यांनाही मी रिकाम्या हाती पाठवलं नाही. कारखान्याच्या पलीकडच्या बाजूचे दोन घरमालकही माझ्यासारखेच रडकुंडीला आलेले होते. बाळवाले एकाकडे गेले, ट्रम्पेटवाला दुसऱ्याकडे. उरलेल्यांसाठी सून पुढच्या गल्लीतल्या पत्र्याच्या कारखान्याशेजारी घरं शोधायला लागली आणि मला विचारून विचारून व्हिडिओ करायला लागली. आता ती पियानो लावत नाही.

पुढच्या आठवड्यात आईलेकी राहायला आल्या. सामान थोडंच होतं, तीन घरं बदललेल्यांचं असतं तसं. दिवसभर वरून आरोळ्या येत होत्या आणि करवतीत विरघळून जात होत्या. सहा वाजता करवत थांबली. गल्ली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत शिट्टीची आरोळी आली. काही वेळाने पुन्हा आली, पण दबलेली, लांबून आल्यासारखी. लगेच तिची आई धावत खाली आली. चेहरा पडलेला.

"काकू, माफ करा. थोड्या वेळात होईल शांत. मी खिडक्या लावल्यात. दाराला गादीपण लावलीय."

"तिला काही दुखतंय का?"

"नाही. खूश आहे. जागा आवडलीय तिला."

"मग गादी कशाला?"

ती पुन्हा माफी मागायला लागली. हे तिचं पाठ केलेलं बोलणं होतं, तीन घरांत म्हटलेलं, आणि पुढे काय होतं तेही तिला पाठ होतं. मला तिचा राग आला नाही. त्या तिघा घरमालकांचा आला.

"हे बघ," मी म्हटलं, "हे घर परवापर्यंत माझ्या हातून चाललं होतं. तुम्ही आलात म्हणून राहिलं. इथे कुणी किती ओरडायचं ते मी ठरवते, आणि मी ठरवलंय. जा, गादी काढ आणि खिडक्या उघड."

ती जिन्यावरच बसली आणि पदर नसलेल्या त्या निळ्या कोटाच्या बाहीने तिने डोळे पुसले. मग उठून वर गेली. गादी ओढल्याचा आवाज आला. मी अंगणात जाऊन उभी राहिले. वरची एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग रस्त्याकडच्या दोन्ही. शिट्टीने चौथ्या खिडकीत येऊन गल्लीवर अशी आरोळी सोडली की कारखान्याला कुलूप लावत असलेले मिस्त्री मान वर करून बघायला लागले.

मी त्यांना सांगितलं, की आमचे भाडेकरू आहेत.