डॉक्टरची जागा

साबीरभाईंनी लेकीसाठी कुवेतमध्येच, सलवा भागातल्या एका खासगी दवाखान्यात जागा बघून ठेवली होती. हवल्लीतल्या त्यांच्या फ्लॅटपासून गाडीने अगदी जवळ. अम्गऱ्याच्या भंगारबाजारात सारी उमर घालवून पोरीला डॉक्टर केली, ती आता डोळ्यांसमोर राहील, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि अमेरिकेत शिकून आलेली माहीन पुन्हा तिकडेच निघाली होती. तेही शहरात नव्हे, कुठल्याशा खेड्यापाड्यांच्या कौंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, अब्बा," ती म्हणाली होती. "पण तिथल्या दवाखान्याला आज रिप्लाय द्यायचाय."

भांडली असती तर बरं झालं असतं. आता सगळं ओझं बापाच्या डोक्यावर आलं.

जुम्म्याची नमाज झाली, सुरमई-भात झाला, तसे ते हात पुसत म्हणाले, "काय आहे त्या मुलखात? वाच बघू."

माहीनने फोनवर कौंटीची सरकारी माहिती उघडली आणि इंग्रजीचं मराठी करत सांगू लागली. वस्ती दरवर्षी घटतेय. तरुण शिकायला बाहेर पडतात ते परत येत नाहीत. उरलेत ते बरेचसे साठीच्या पुढचे. काम म्हणजे मक्याची शेती, मांसाचा एक कारखाना आणि शाळा.

"म्हणजे तिथली माणसं पळतायत आणि ही तिकडे निघालीय," साबीरभाई बायकोकडे, हफिजाकडे बघून म्हणाले. "घरं तरी आहेत, की तंबूत राहणार?"

"घरंच घरं आहेत. दर चौथं घर बंद आहे, अब्बा. विकत घ्यायलाही कुणी येत नाही."

साबीरभाई हसायला गेले, पण मध्येच थांबले. भांडी गोळा करणारी हफिजाही थांबली. रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावात दुसरं काय होतं? गल्फच्या कमाईवर बांधलेली दुमजली घरं, टाइल्स लावलेले ओटे आणि दाराला कुलपं. त्यांचंही घर त्यातलंच.

"डॉक्टर किती?" त्यांनी विचारलं.

"एकच होते. रिटायर झाले. तेव्हापासून जागा रिकामी आहे."

ते उठून खिडकीशी गेले. त्यांची अम्मी गावात एकटीच राहायची. तिच्या छातीत कळ आली तेव्हा आजूबाजूला हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं. दूधवाल्याने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथे नेमलेला डॉक्टर कधी रुजूच झाला नव्हता. रत्नागिरीच्या वाटेवर ती गेली. साबीरभाईंना कुवेतहून मातीलाही पोचता आलं नाही.

त्या न आलेल्या डॉक्टरला त्यांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या. त्यालाही बाप असेल आणि त्या बापाने त्याच्यासाठी घराजवळ जागा बघून ठेवली असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा सुचलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लेक दूर जाणार म्हणून रडूही आलं.

"नाही म्हणून कळवू, अब्बा?" माहीनने हळूच विचारलं.

"हो म्हणून कळव," ते पाठमोरेच म्हणाले. "आणि ऐक गो. नुसती दवाखान्यात बसून राहू नको. त्या बंद घरांच्या मधेच कुठे एखादी म्हातारी एकटी राहत असेल. तिने बोलवायची वाट बघू नको, आपण होऊन जात जा."