कोरी काचही चुंबक

"मॅडम, रिपोर्ट वाचून घाम का फुटला?" प्रयोगशाळेतला शिपाई कोंडीबानं विचारलं.

"कोरी काचही चुंबक निघाली, कोंडीबा."

"आवं, मग चांगलंच की! आपलं समदंच चुंबक."

रूपाली मगदूम सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि नऊ वर्षं पीएचडी करत होत्या. काचेवर केसापेक्षा शेकडोपट पातळ असा झिंक ऑक्साइडचा थर द्यायचा, त्यात किंचित मँगनीज. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलंसं चुंबक. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड केलं की थर चुंबक होतो. खोलीच्या साध्या तापमानाला हे सहसा घडत नाही. मॅडमच्या सहा नमुन्यांत घडलं, पाचांत नाही. सहांवर प्रबंध उभा राहिला. पाचांना 'अपवाद' म्हणून मागच्या पानावर बसवलं. प्रबंध द्यायला तीन आठवडे होते आणि कित्येक महिने मॅडमना धड झोप नव्हती. चुंबकत्व थराचंच, काचेचं नाही, हे दाखवून परीक्षकांचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी बिनथराची काच मोजायला पाठवली होती.

त्यांनी वही काढली. पाच नमुने त्यांनी स्वतः डबीत भरले होते. सहाही कोंडीबानं, आणि ही कोरी काचही त्यानंच.

"तुम्ही काच कशानं उचलता?"

"स्टीलच्या चिमट्यानं. तुमीच दिलाय की. तुमचा प्लास्टिकचा लय वाकतोय."

चिमट्याचं टोक काचेच्या कडेला घासायचं आणि डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कण तिथंच राहायचा. नऊ वर्षांचं संशोधन त्या कणावर झालं होतं.

"मंजी माझ्यामुळं वाटोळं झालं व्हय?" कोंडीबा स्टुलावर बसला. त्याच्या रिटायरमेंटला चार महिने होते. "तसं लिवा. कोंडीबानं केलं म्हणा."

"चिमटा मी दिला. तसंच लिहिणार."

न लिहिणंही शक्य होतं. रिपोर्ट दोघांनीच पाहिला होता आणि त्यातल्या एकाला इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडम साताऱ्याला गेल्या. मार्गदर्शक लालासाहेब सरांनी रिपोर्ट दोनदा वाचून चष्मा काढला.

"अगं, मला ते सहा कधीच पटले नव्हते."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तू इतकी खुशीत होतीस. आता थरात चुंबकत्व नाही, असं लिही. आणि ते दिसतं कशामुळं, तेही. मुदतवाढीचा अर्ज आण, सही करतो."

परतीच्या मिरज गाडीत त्यांना खिडकी मिळाली. कराड कधी गेलं, कळलं नाही.

"ताई, आवं ताई! मिरज आली. सांगली मागंच गेली की." कंडक्टर वाकून बघत होता. "बरं न्हाई का?"

"झोप लागली होती," मॅडम म्हणाल्या, मुलगी पहिली आल्याचं सांगावं तशा आवाजात, आणि साडीच्या चुण्या सारख्या करत सावकाश उतरल्या.