पाचव्या दिवसाचं पाणी

आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मुकादम होती. एका संध्याकाळी ती घरी आली ती कॅन्टीनवाल्याची नक्कल करतच. “काकडीसुद्धा मटण कापायच्या फळीवरच चिरतो मेला. वर म्हणतो, चव येते.” मी पुस्तकातून मान वर न काढता हसले.

तीन दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले, मग त्यात रक्त. कारखान्यातल्या वीसेक जणींची तीच गत. आणि गेटसमोर बाटलीवाले महाराज उगवले. रांग पार रस्त्यापर्यंत.

“मंतरलेलं पाणी आहे. पाचव्या दिवशी रोग पळतो,” ते म्हणत. “नाही पळाला तर रोग्याचा भाव कमी.”

बाटलीवरचं दुकानाचं लेबल अर्धवट सोललेलं होतं. तेवढं मी पाहिलं. घरात पुस्तकांची तीन कपाटं, तरी रांगेत उभी राहिले.

पाचव्या दिवशी जुलाब खरंच थांबले. आईनं चहा मागितला. दुपारी म्हणाली, “कालपासून लघवीच झाली नाही गं.” चेहरा सुजलेला वाटत होता. मी महाराजांना विचारून आले.

“पाणी अंगात मुरतंय. चेहऱ्यावर तेज चढतंय. आता दवाखान्यात नेलंत तर सगळं उतरेल.”

दोन दिवस मी ते तेज बघत बसले. मग आई बरळू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं बंद पडली आहेत. डायलिसिस लावलं, पण ती परतली नाही.

दोन आठवड्यांनी त्याच डॉक्टरीणबाई गेटवर आल्या. कॅन्टीनला टाळं लागलं होतं, पण दुखणं घराघरांतल्या मुलांपर्यंत पोचलं होतं, आणि रांग तशीच होती. कारखान्यात गणवेशांची काजं करणारी एक बाई कडेवर लहानगी घेऊन उभी होती.

“हे जुलाब आठवड्याभरात आपोआप थांबतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे मंतरलेलं पाणी द्या, नाहीतर देऊ नका. बहुतेक जण बरे होतात. काहींच्या बाबतीत जुलाब थांबले की त्या जंतूंचं विष मूत्रपिंडावर उतरतं. तुमचे महाराज नेमके या दोन्हींच्या मधल्या दिवशी श्रेय घेतात.”

“माझ्या हातून शंभर बरे झाले,” महाराज म्हणाले.

“सहाव्या दिवशी कुणाच्या घरी गेला होतात?”

महाराजांनी बाटल्यांची टोपणं मोजायला घेतली. मग माझ्याकडे बोट केलं. “या ताईंच्या आईचा भाव कमी पडला. आणि दवाखान्यातही नेलं उशिरा. विचारा त्यांना.”

“तुम्ही तर म्हणाला होता ना, आईला दवाखान्यात आणलंत त्याच सकाळी लघवी बंद झाली?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी काजंवालीकडे पाहिलं. लहानगीचे डोळे सुजून बारीक झाले होते.

“जुलाब थांबलेत हिचे,” ती मला म्हणाली. “तेज आलंय बघा ताई.”

“हिला लघवी कधी झाली होती?” मी विचारलं.

तिनं लहानगीची चड्डी चाचपून पाहिली.

“मी डॉक्टरांशी खोटं बोलले,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “आईनं मला दवाखान्यात नेण्याच्या दोन दिवस आधीच सांगितलं होतं. भाव तिचा कमी नव्हता. तिनं डॉक्टरांऐवजी मला सांगितलं, आणि मी या महाराजांना विचारलं.” मग काजंवालीकडे वळले. “ तू आणखी कुणाला विचारू नकोस. लघवी थांबली, चेहरा सुजला की दवाखाना गाठायचा. चल, मी येते बरोबर.”

तिनं बाटली टेबलावर ठेवली. मी लहानगीला कडेवर घेतलं.