सगळे डाव

"आता ही ऐका," बायको म्हणाली. तिच्या एका हातात वर्तमानपत्र होतं, दुसऱ्या हातात कात्री. ती चौथीला शिकवायची. रोज एक विचित्र बातमी कापून वर्गात न्यायची आणि मुलांना त्यावर प्रश्न विचारायला लावायची.

"वाचनालयाच्या पुस्तकात कवळी सापडली. कुणीतरी खूण म्हणून ठेवली होती."

"वाचायला दात कशाला लागतात," तिचा नवरा म्हणाला. तो जुगाराच्या हॉलमध्ये यंत्रांचा मेकॅनिक होता.

"आणि ही बघा. हॉस्पिटलात चादरी धुणाऱ्या बाईंना जुगाराच्या यंत्रावर बेचाळीस लाख लागले. मालक म्हणतात, यंत्र बिघडलं होतं. पैसे नाहीत, दोघांचं जेवण फुकट." तिने मान वर केली. "अहो, हा तुमचाच हॉल ना?"

"आमचाच. अकरा नंबरचं यंत्र."

"आणि मला हे पेपरातून कळतंय."

"आज त्याचा अहवाल द्यायचाय. म्हणून गप्प होतो."

"खरंच बिघडलं होतं?"

"हो. मीच उघडलं. आकडे दाखवणारा भाग गेलाय. बाईंना काही लागलं नव्हतं."

"मग तोंड पाडून का बसलात?"

त्याने कप बाजूला सारला. "तो भाग तीन तारखेलाच गेला होता. यंत्र बंद करा, असं मी तक्रारवहीत लिहिलं होतं. गर्दीचे दिवस म्हणून त्यांनी चालूच ठेवलं. एकोणीस दिवस. आता म्हणतात, बिघाड त्याच संध्याकाळी झाला असं लिहा."

कात्री थांबली. "परीक्षेत प्रश्न चुकीचा छापला, तर आम्ही फक्त पहिल्या आलेल्या मुलीचे गुण कापत नाही. सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासतो."

"ती शाळा नाही गं."

"नाहीच. माझ्या मुलांनी तर हे पहिल्या मिनिटाला विचारलं असतं."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या."

"मोजतेय मीही," ती म्हणाली. तिने कवळीची बातमी कापली, दुसरी तशीच ठेवली आणि शाळेला निघाली.

तो टेबलावरच अहवाल लिहायला बसला. पानभर मजकूर झाला.

हॉलचा मॅनेजर त्याच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने अहवाल दोनदा वाचला.

"काका, एवढं रामायण कशाला? बिघाड होता, बाईंना लागलं नव्हतं, इथवर छान आहे. ही तीन तारीख काढा."

"यंत्रावर आपणच पाटी लावलीय. बिघाड झाल्यास सगळे डाव रद्द. सगळे म्हणजे हरलेलेसुद्धा. एकोणीस दिवसांत ज्यांनी ज्यांनी पैसे घातले, त्यांचे परत करायला हवेत."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"मी यंत्र बघतो. ते कधी बिघडलं, तेवढं लिहिलंय."

"दुसरा कागद देतो. पुन्हा लिहा."

"एक प्रत परवाना कार्यालयात देऊन आलोय येताना. वहीतल्या त्या पानाच्या छायाप्रतीसकट."

मॅनेजरने अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चाव्या ठेवा इथे. उद्यापासून येऊ नका."

बावीस वर्षांच्या चाव्या एकाच कडीत होत्या आणि घराचीही त्यातच. ती सोडवायला वेळ लागला. नख दुखावलं. तोवर मॅनेजर खिडकीबाहेर बघत बसला.

दाराजवळच्या बाकावर चादरी धुणाऱ्या त्या बाई बसल्या होत्या. हॉलच्या वकिलाने त्यांना चारला बोलावलं होतं. हातांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली. मेकॅनिक दिसताच त्या उठल्या.

"यंत्र तुम्हीच उघडलंत ना? मला कुणी धड सांगत नाही. लागलं होतं का हो?"

अहवालात लिहिलेलं त्याला इथेही सांगायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं.

"नाही बाई. लागलं नव्हतं."

त्या खाली बसल्या. पदराशी चाळा करत राहिल्या. "लेकीला सांगून बसले मी," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बरं झालं सांगितलंत. हे नुसते अर्ज भरायला लावत होते."

तो शेजारी टेकला. "तीन तारखेनंतर त्या यंत्रावर किती वेळा खेळलात?"

"का?"

"ते पैसे तुमचे आहेत. मागता येतील. तसं लिहून दिलंय मी."

"ते काय, किरकोळ असतील."

"असू देत. तुमचेच आहेत."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली आणि बोटांवर मोजायला लागल्या. "पगाराच्या दिवशी एकदा. मग त्या बुधवारी..."

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि त्यांच्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर पहिला दिवस लिहिला.