शेंदरात बुडालेली रेघ

मित्रांनो, मी खंडाळ्याच्या घाटातली एक जुनी पत्र्याची पाटी आहे. डोक्यावर लाल त्रिकोण, अंगावर एक वाकडी काळी रेघ. पुढे अवघड वळण आहे, सांभाळा, एवढंच मला सांगता येतं. आणि नेमकी सांगायची वेळ आली, तेव्हा माझं तोंड लिंपलेलं होतं.

पुण्याच्या एका कारखान्यात मला रंगवलं आणि इथे दरीच्या काठाशी आणून उभं केलं. बैलगाडीवाले मला बघून हसायचे. हसेनात का! लोणावळ्याचा रज्जाक ड्रायव्हर मात्र लॉरी थांबवून मला फडक्यानं पुसायचा. अशी ताठ उभी राहायचे मी तेव्हा!

एकदा कुरवंड्याच्या दत्तोबाच्या लॉरीचा ब्रेक उतारावर निकामी झाला. लॉरी घसरत घसरत माझ्या खांबाला येऊन टेकली आणि थांबली. दत्तोबा उतरला, माझ्यापुढे आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं नारळ फोडला आणि तेलात कालवलेला शेंदूर माझ्या तोंडाला फासला. मग काय विचारता! येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर बोटभर शेंदूर लावू लागला, मला आई म्हणू लागला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पण थरावर थर चढले आणि माझी रेघ दिसेनाशी झाली.

पुढे दत्तोबाचा धाकटा भाऊ मारुती लायसनच्या परीक्षेला बसायचा होता. साहेब रस्त्यावरच्या खुणा विचारणार, म्हणून रज्जाक त्याला माझ्याशेजारच्या कठड्यावर कोळशानं खुणा काढून शिकवायचा.

"ही वाकडी रेघ दिसली की?"

"हात गिअरवर. गाडी हळू."

"आन् ह्या पाटीवर काय हाय?"

"आईवर काय असनार? शेंदूर!" मारुती हसला.

रज्जाकला काही हसू आलं नाही. त्यानं दत्तोबाला गाठलं. "दत्तोबाभाऊ, पाटी खरवडून काढा. नव्या मानसाला रेघ दिसायची कशी?"

"आरं, तिनं माजा जीव वाचवला. तिला नख लावू व्हय? आईला वाचायचं नसतं रज्जाक, हात जोडायचे असत्यात."

दत्तोबा गेल्यावर रज्जाक फडकं घेऊन माझ्याजवळ आला आणि थबकला. "मी पुसली तर लोक म्हनतील, मुसलमानानं देव बाटवला," तो स्वतःशीच पुटपुटला. फडकं घडी करून त्यानं खिशात ठेवलं. पूस रे बाबा, पूस, असा माझा जीव तळमळत होता.

मारुती पास झाला. सगळ्या खुणा त्यानं धडाधडा सांगितल्या म्हणे. चारच दिवसांनी सकाळच्या दाट धुक्यात तो पहिल्यांदा एकटा लॉरी घेऊन उतरला. वळण त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण रेघ दिसली असती तर त्याचे हात गिअरकडे गेले असते. दिसला शेंदूर. लहानपणापासूनची सवय! पोरानं ष्टेरिंग सोडून मला दोन्ही हात जोडले.

मित्रांनो, माझ्यासमोरून तो हात जोडलेल्या अवस्थेत गेला. मग कठडा फुटल्याचा आवाज आला.

दत्तोबा धावत आला. नखांनी मला ओरबाडू लागला. बोटांतून रक्त आलं तरी थांबेना. रज्जाकनं घासलेट आणलं, फडकं भिजवलं.

"मी त्याच दिवशी पुसाया पायजे होती, भाऊ."

"न्हाई रं. हिचं त्वांड मीच बंद केलं."

दोघांनी मिळून मला पुसलं. वाकडी काळी रेघ वर आली, अगदी पहिल्यासारखी ठसठशीत.

म्हणून सांगते, मला नारळ नको, नवस नको. ओल्या फडक्याचा एक हात फिरवा आणि मला वाचा. आज रज्जाक थकलाय, दत्तोबानं लॉरी सोडली. मला पुसायला कुणी येत नाही. आणि काल सकाळी एक अनोळखी ड्रायव्हर थांबला, माझ्या पायाशी नारळ फोडला आणि रेघेच्या बरोबर मध्यावर बोटभर शेंदूर लावून गेला.