मधुमालतीच्या आतली जास्वंद

"आधी वेल काप. तिनेच मारलंय जास्वंदीला," करवत पुढे करत पंपवाले म्हणाले.

"बाबा, जास्वंद मेलीय आणि वेल जिवंत आहे. जिवंत कापून मेलेलं ठेवायचं, हा कुठला न्याय?" मुलीने करवत घेतली आणि वाळक्या फांदीला लावली.

आदल्या दिवशीच्या वाऱ्यात झुडूप फाटकावर कलंडलं होतं. फाटक जेमतेम माणूस तिरका शिरेल एवढंच उघडत होतं. लांबून पाहिलं तर जास्वंद दिसतच नव्हती. दिसत होता तो मधुमालतीचा हिरवा ढीग. जास्वंद पंपवाल्यांची. आई वारल्यावर तिच्या दारातून फांदी आणून त्यांनी ती लावली होती. मधुमालती बायकोची. ती नर्स होती. गल्लीभर तिला सिस्टर म्हणत. चिडले की पंपवालेही. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

भांडण जुनं होतं. पंपवाले लांबच्या कालव्यावर पंप बसवायला गेले होते. वर्षभराहून जास्त काळ घराकडे फिरकले नाहीत. परतले तेव्हा फाटकाशी मधुमालती माजलेली, जास्वंदीचं एक पान दिसेना.

"माझ्या आईच्या झाडाचा गळा दाबलास," ते म्हणाले होते.

"दाबला. पुढे बोला," सिस्टर म्हणाली होती.

पुढे त्यांना चटकच लागली. कुणी आलं की फाटकातच सुरुवात: "या, या. आमच्या सिस्टरचा पेशंट पाहिलात का? घरातल्या घरात दगावला." पाहुणे हसत. चहा ओतता ओतता सिस्टरही हसे.

"ओढू नका हो, बाबा!" पंपवाल्यांनी वाळकी फांदी हिसडताच मुलगी ओरडली. मधुमालतीचं पान गळलं तरी देठ राहतो आणि वाळून त्याचा टणक आकडा होतो. फांदी ओढली की आकड्यांनी वेलही फाटते. म्हणून वाळक्या फांदीचे वीतवीत तुकडे करायचे आणि एकेक तुकडा अलगद मागे सरकवत बाहेर काढायचा. कुठली फांदी कुणाची, हे कळत नसेल तर नखाने साल खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर वेल, कोरडं तपकिरी दिसलं तर जास्वंद.

पंपवाले कुरकुरत बसले खरे, पण थोड्या वेळात हात रमला. गंजलेला नट सोडवावा तसे ते तुकडे फिरवून फिरवून काढू लागले. मग खोडाच्या बेचक्यापाशी थांबले.

"हे काय गं?"

खोड तिथे कधीतरी चिरलं होतं. चिरेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या लावून वर बँडेज गुंडाळलेलं होतं. पिवळं पडलेलं, आठाच्या आकड्यासारखे वेढे, टोक आत नीट खोचलेलं.

"आईची पट्टी," मुलगी म्हणाली. लहानपणी मनगट मुरगळलं की तिला अशीच पट्टी मिळायची.

"म्हणजे वेलीच्या वजनाने खोड चिरलं. मग हे उपचार. उशिरा सुचलेलं शहाणपण."

मुलीने बँडेजची कड उचलून पाहिली. खाली साल नव्हती, सालीचा चुराही नव्हता. कापड थेट उघड्या लाकडाला चिकटलं होतं. आणि वेलीची सगळ्यात जाड, सगळ्यात जुनी फांदी बँडेजवरून गेली होती. कापडाची वीण तिच्या सालीवर उमटली होती.

"बाबा, हे बांधलं तेव्हा साल गळून गेली होती. आणि वेल पट्टीच्या वरून गेलीय. म्हणजे वेल नंतरची."

"मग?"

"मग काय? जास्वंद आधीच मेली होती. तुम्ही कालव्यावर असताना. आईने ती कशीबशी उभी केली आणि वरून वेल सोडली."

पंपवाल्यांनी बँडेजवरून अंगठा फिरवला. एका वेढ्यावरून दुसऱ्या वेढ्यावर.

"एका शब्दाने बोलायला काय झालं होतं तिला?"

"काय बोलणार होती? तुमच्या आईचं झाड मेलं म्हणून?"

त्यांनी बँडेजची उचललेली कड पुन्हा दाबून बसवली. मग म्हणाले, "पाहुण्यांसमोर म्हणायचो मी. दरवेळी."

मुलीने करवत बुंध्याला लावली. लाकूड आतून पोकळ निघालं. दोन हात मारताच खोड सुटलं आणि वेलीचा सगळा भार एका बाजूला झुकला. पंपवाले झटकन खाली शिरले. एका हाताने त्यांनी वेल पेलून धरली.

"शेडमधला जाड पाइप आण. आणि पहार."

"तोवर खाली टेकवा ना. हात भरून येईल."

"नको. मोडेल."

मुलगी खणू लागली. जमीन कडक होती. पहारीचा प्रत्येक घाव टणकन परत येत होता. वेलीतली एक मुंगी पंपवाल्यांच्या मानेवरून कॉलरमध्ये शिरली. त्यांनी मान नुसती आखडली. खड्डा झाला, पाइप उभा राहिला, दगडमाती ठोकून झाली. मुलीने वेल पाइपला सैल दोरीने तीन ठिकाणी बांधली.

"झालं, बाबा. सोडा आता."

"सोडतो," ते म्हणाले.

हात तसाच वर राहिला.