पिवळी फुंकर

"फुंका. अजून फुंका. आतलं सगळं बाहेर येऊ द्या."

धिप्पाड ट्रक ड्रायव्हरनं काचेची बारीक नळी ओठांत धरली होती. फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये दीडशे माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर श्वास रोखून बसली होती. पेल्यातलं निळंशार पाणी बुडबुडलं, हिरवट झालं आणि बघता बघता पिवळं पडलं. ड्रायव्हरची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली.

हे शिबिर घेणाऱ्या माईंनी पेला खिडकीच्या उजेडात धरला. त्यांचा आवाज झोपलेल्या बाळाशी बोलावं इतका मऊ होता.

"हे तुमच्या रक्तातलं आम्ल. हे मूत्रपिंड कुरतडतं. साखर यानंच वाढते, गुडघे यानंच झिजतात, घरातली भांडणंसुद्धा यानंच होतात. गोळ्या म्हणजे आणखी आम्ल. आम्ही फक्त पाणी देतो, आम्लारी पाणी. एकवीस दिवस."

माईंच्या यादीत मूळव्याध होती, विसरभोळेपणा होता, नवऱ्याचा तापटपणाही होता. गळकं छप्पर तेवढं राहून गेलं होतं.

मला हसू आलं, कारण ते निळं पाणी माझ्या रोजच्या ओळखीचं. मी शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. ठिकठिकाणच्या नळांचं पाणी आणायचं, त्यात दर्शकाचे थेंब टाकायचे आणि रंगावरून पीएच वाचायचा. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. हा दर्शक आम्लारी पाण्यात निळा असतो, आम्लात पिवळा. आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. मी फुंकलं असतं तरी पिवळं, पैलवानानं फुंकलं असतं तरी पिवळं.

पण शेजारी ताई बसली होती, माझी सख्खी मोठी बहीण. ती हसत नव्हती. तिनं आपल्या मुलीचा हात घट्ट धरला होता. मुलीला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. पंधरा वर्षांची, सातव्या वर्षापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई टोचून घेते.

घरी आल्यावर मी ताईला सांगितलं, "अगं, तो श्वासाचा खेळ आहे. शाळेतली पोरं करतात."

"मग दुसऱ्या पेल्याचं काय? ज्यांचे एकवीस दिवस झाले, त्यांनी फुंकलं तरी निळंच राहिलं. डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"त्या पेल्यात काहीतरी जास्त घातलेलं असणार."

"असणार! म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही." ताई भांडी आपटत म्हणाली. "तुझी नोकरी नळाच्या पाण्याची. आठ वर्षं माझी पोर सुया खातेय, ते तुझ्या कुठल्या बाटलीत दिसतं?"

पाणीच तर पितायत, म्हटलं, पिऊ देत. वाद कशाला वाढवा? आयुष्यात इतकी मोठी चूक मी दुसरी केलेली नाही.

बाविसाव्या दिवशी चिमणीचा फोन आला. "मावशी, माझं निळं राहिलं! आता सुया बंद!" फार खूश होती. मग मी ताईला फोन केला. "छे गं, सुया चालू आहेत. पोरीला काहीतरी बोलायची सवय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. माझाही विश्वास बसला, किंवा मी बसवून घेतला.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी ताईकडे गेले. दार उघडताच गोड वास आला, फार पिकलेल्या फळाचा असतो तसा. पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात इन्सुलिनची पेनं एका रांगेत होती. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

"चिमणी कुठंय?"

"झोपलीय. दोनदा उलटी झाली. माई म्हणाल्या होत्या, शेवटचं विष असंच निघतं. श्वास बघ कसा मोठा घेतेय. सगळं बाहेर पडतंय."

चिमणी पलंगावर उताणी पडली होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. पळत जिना चढून आल्यासारखी ती खोल, भराभर श्वास घेत होती. गोड वास तिच्याच तोंडाला येत होता. मी हाक मारली, तिनं ओळख दिली नाही.

रिक्षात ताई सारखी एकच गोष्ट म्हणत होती, "पण निळं राहिलं होतं गं. निळं राहिलं होतं."

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची चिठ्ठी माझ्या हातात दिली. पीएच सात पूर्णांक शून्य दोन. नळाच्या पाण्याला हा आकडा आला असता तर मी डोळे झाकून सही केली असती.

"रक्तात तो सात पूर्णांक चारच्या आसपास लागतो," त्या म्हणाल्या. "शरीर तो जिवाच्या आकांतानं सांभाळतं. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अखंड तेच काम करतात. तुम्ही आम्लारी पाणी प्यालात, तर ते पोटातल्या आम्लातच संपतं. पण इन्सुलिन थांबलं की या आजारात शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून खरंखुरं आम्ल रक्तात साठतं. हा मोठा श्वास म्हणजे ते आम्ल बाहेर टाकायची शेवटची धडपड. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..."

ताई भिंतीला टेकून खाली बसली. आम्ल काढून टाकते म्हणणाऱ्या बाईनंच तिच्या लेकीच्या रक्तात आम्ल भरलं होतं.

चौथ्या दिवशी चिमणीनं डोळे नीट उघडले. पुढच्या रविवारी ती अजून दवाखान्यातच होती, तेव्हा ताई म्हणाली, "चल. हॉलवर जाऊ."

हॉल भरलेलाच होता. मी सरळ पुढे गेले. "माई, आज आधी तुम्ही फुंका."

"बाळ, मी परीक्षेच्या पलीकडे आहे."

दारातले दोन पांढऱ्या शर्टांतले सेवक पुढे सरकले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाहेर काढा हिला!" पण पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमन उठले. महिन्यापूर्वी माईंनी त्यांना पूर्ण बरं झाल्याचं जाहीर केलं होतं. "मी फुंकतो," ते म्हणाले. "मी बरा आहे. होऊन जाऊ दे."

मी टेबलावरचा नव्या रोग्यांचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी फुंकलं, पाणी पिवळं झालं. लगेच बऱ्या झालेल्यांचा पेला दिला. तितकंच फुंकलं, पाणी निळंच राहिलं.

"आजोबा, एकाच मिनिटात तुम्ही आजारीही आणि बरेही?"

मग मी पर्समधून धुण्याच्या सोड्याची पुडी काढली आणि पिवळ्या पेल्यात चिमूटभर टाकून ढवळलं. पिवळं पाणी सर्वांच्या देखत निळंशार झालं. "आता कितीही फुंका. एवढ्या सोड्यापुढे दोन मिनिटांची फुंकर पुरत नाही. दुसऱ्या पेल्याची करामत एवढीच. माणूस तोच आहे, बदललंय ते पेल्यातलं पाणी."

माई हसतच होत्या. "शंका हेही आम्लच असतं," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. आणि खरं सांगते, काही माना डोलल्या.

तेव्हा ताई उभी राहिली. "माझी पोर दवाखान्यात आहे. सुई मी बंद केली, माझ्या हातानं. मला एवढंच सांगा, इथं आणखी कुणी औषध बंद केलंय?"

पोस्टमननी हात वर केला. "प्रेशरची गोळी. एकोणतीस दिवस." त्यांच्यामागे ड्रायव्हरचा हात. मग एका गरोदर बाईचा. मग खिडकीजवळ तीन, भिंतीलगत पाच. मी मोजायला लागले आणि चाळिसावर सोडून दिलं. हात वर येतच होते.

पोलिसांत तक्रार झाली. माई त्याआधीच शहर सोडून गेल्या होत्या. कुठं गेल्या, ते अजून कळलेलं नाही. जिथं असतील तिथं पाणी कदाचित दुसऱ्या रंगाचं असेल.

म्हणून सांगते. कुणी तुमच्या आजाराची परीक्षा करून दाखवली, तर तीच परीक्षा आधी निरोगी माणसावर करायला लावा, आणि दोन्ही पेले अदलाबदल करून बघा. ते नाही म्हणाले, तर तिथून उठा. आणि औषध बंद करायला सांगितलं, तर एकट्यानं उठू नका. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही हाताला धरून उठवा.